दुसऱ्यांदा पहिली कॉफी

मी एक जुनी जेझवा आहे, मित्रांनो. जुनी म्हटले म्हणून लगेच मोडीत घालायला निघू नका, माझ्या तांब्यात अजून पुष्कळ दम आहे. जेझवा म्हणजे लांब दांड्याचे, बुडाशी रुंद आणि गळ्याशी निमुळते असे कॉफी करायचे भांडे. आमच्या बोस्नियात ज्या घरात जेझवा नाही, त्या घरात माणसे राहतात यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. किटलीला मी नात्यातली मानत नाही. ती शिट्ट्या मारते.

माझा जन्म सारायेवोच्या तांबटांच्या गल्लीत झाला. एका म्हाताऱ्या तांबटाने एकाच पत्र्यातून मला ठोकून ठोकून आकार दिला. मग आतून कल्हई केली आणि मला दुकानाच्या दारात टांगले. हायरिया नावाच्या मुलीचे लग्न ठरले होते. तिच्या आईने मला हातात घेऊन बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि मी हायरियाच्या रुखवतात जाऊन पडले. अशी मी पोदलिपा गावात आले. गावाच्या टोकाला नदी, नदीवर पूल, आणि पुलाला लागून शेवटचे घर हायरियाचे.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. हायरियाच्या हातची कॉफी गावात नावाजलेली होती, आणि कौतुकातला निम्मा वाटा माझा होता. आमच्याकडे पाहुण्यांना तीन कॉफ्या देतात. पहिली 'या'ची. ती पिताना फक्त घरच्यांची चौकशी करायची, कामाचा शब्द काढायचा नाही. दुसरी 'बसा'ची. तिच्याबरोबर काय ते बोलून घ्यायचे. आणि तिसरी 'निघा'ची. ती आली की पाहुण्याने ओळखावे, टोपी घ्यावी आणि उठावे. कोणी कोणाला जा म्हणत नाही, म्हणून कोणाला वाईटही वाटत नाही. ही तिसरी कॉफी मात्र वेळेआधी आली, तर तिच्याइतका मोठा अपमान नाही.

पुलापलीकडच्या गावातला मिलेता जंगल खात्यात होता. तो जाता-येता हमखास थांबायचा. त्याला पेल्यात फेस जास्त लागायचा. हायरियाची मुलगी सेनादा लहान होती, ती चमच्याने त्याच्या पेल्यात फेस वाढायची आणि तो मिश्या भरवून घ्यायचा. पुढे हायरियाचा नवरा गेला. सेनादाला शाळेत असतानाच साखरेचा आजार निघाला आणि रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागू लागली. तरीही घर हसते होते.

मग युद्ध आले. डोंगरावर तोफा चढल्या, रस्ता बंद झाला, पूल बंद झाला. पोदलिपाला चारही बाजूंनी वेढा पडला. ज्यांनी वेढा घातला, त्यांच्यातल्या पुलावरच्या तुकडीचा प्रमुख कोण होता माहीत आहे? मिलेता.

आधी कॉफी संपली, मग साखर, मग मीठ, मग पीठ. हायरियाने माझ्यात भाजलेल्या सातूची कॉफी करून पाहिली. मसुराचीही केली. मला तर लाज वाटायची. हळूहळू तेही संपले आणि मी चुलीशेजारच्या खिळ्यावर नुसती लटकून राहिले. आता माझे एकच काम उरले होते. रोज सकाळी सेनादाची काचेची सिरिंज आणि सुई माझ्यात उकळायची.

त्यामुळे इन्सुलिन किती उरले आहे, ते मला सगळ्यांच्या आधी कळायचे. औषध भरून झाले की हायरिया सिरिंज खिडकीच्या उजेडात धरायची, क्षणभर बघायची आणि त्यातले थोडे परत बाटलीत ढकलायची. दर आठवड्याला ती थोडे जास्त परत ढकलू लागली.

"आई, औषध टोचतेस की नुसता वास देतेस?" सेनादा म्हणायची.

"वासानंच बरी होशील तू. माझी लेक आहेस," हायरिया म्हणायची, आणि तोंड फिरवायची.

सेनादा वाळत चालली. सारखे पाणी मागायची आणि बोलता बोलता झोपून जायची. तरणीताठी मुलगी, पण चुलीजवळच्या बाकावरून उठवत नव्हते तिला.

आणि मित्रांनो, वाईट कशाचे वाटायचे सांगू? औषध दिसत होते! पुलाच्या पलीकडे, वळणावर पांढरे ट्रक येऊन उभे होते. पीठ, तेल, औषधे सगळे त्यात होते. जगातल्या देशांनी ते पाठवले होते. दूरदूरच्या राजधान्यांत सभा भरत होत्या, ठराव होत होते, मोठमोठी माणसे विमानातून ये-जा करत होती. हायरियाचा धाकटा भाऊ नेद्झाद गावचा कारभार बघायचा. तो गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावून बातम्या ऐकायचा.

"ताई, जगाला आपली काळजी वाटतेय म्हणे. तीव्र काळजी."

"मग एक पोतं काळजी इकडे पाठवा म्हणावं. दळून भाकरी करते."

पण त्या सभांतून एक माणूस खरोखर आमच्यापर्यंत पोहोचला. त्यांचे नाव हाल्मेसाहेब. फिनलंडचे, उंच, वाकून चालणारे. वेढा घालणाऱ्यांच्या वरिष्ठांकडे आठवडेच्या आठवडे खेटे घालून त्यांनी ट्रक सोडण्याची परवानगी मिळवली होती. फक्त तीत एक मेख होती. स्थानिक अधिकाऱ्याला योग्य वाटेल तेव्हा ट्रक सोडावेत, असे तीत लिहिले होते. आणि स्थानिक अधिकारी म्हणजे मिलेता. त्याला काही योग्य वाटत नव्हते.

बैठक कुठे घ्यायची यावरच आधी वाद झाला. नेद्झाद पलीकडे जायला तयार नाही, मिलेता गावात यायला तयार नाही. शेवटी पुलाजवळचे शेवटचे घर दोघांनाही चालले. साहेबांचे लोक टेबल घेऊन आले, तर टेबलाच्या डोक्याशी कोणी बसायचे यावर पुन्हा वाद. हायरियाने ते टेबल अंगणात काढले आणि आपली सिनिया, म्हणजे बुटके गोल मेज, मांडली. तिला डोके ना पाय. सगळे जमिनीवर गाद्या घेऊन बसले.

हाल्मेसाहेबांनी येताना खऱ्या कॉफीची पुडी आणली होती. ती फोडल्यावर घरभर जो वास सुटला, तो मी जन्मात विसरणार नाही. हायरिया स्वयंपाकघरात येऊन आधी रडली. मग तिने राखेने माझ्या बुडाची काजळी घासली, मला चुलीवर ठेवले, कॉफी घातली, वरून उकळते पाणी ओतले, आणि किती महिन्यांनी माझ्या गळ्याशी फेस चढला! मी स्वतःला पुन्हा जेझवा म्हणू शकले.

पण तबकातून मी बाहेर गेले, ती निराश व्हायलाच. हाल्मेसाहेबांचे लक्ष घड्याळाकडे होते. अंधाराआधी ट्रक हलले पाहिजेत, ही त्यांची चिंता. ते त्यांच्या दुभाषी यास्नाकडे वळले आणि यास्ना म्हणाली, "साहेब म्हणतात, वेळ थोडा आहे, थेट मुद्द्यावर येऊ." आणि त्यांनी सिनियावर नकाशा पसरला. पेले 'या'च्या कॉफीचे आणि बोलणे पोत्यांचे! कोणी कोणाच्या घरचे विचारले नाही. मिलेताने तर हायरियाकडे मान वर करून पाहिलेही नाही. पेले तसेच थंड झाले.

दुसरी कॉफी आली, तोवर आवाज चढले होते. पिठाच्या पोत्यांतून शस्त्रे येतील, म्हणून प्रत्येक पोते फाडून बघणार, असे मिलेताचे म्हणणे.

"फाडलेल्या पोत्यातलं पीठ काय बर्फात मळायचं?" नेद्झाद म्हणाला.

"पोत्यांतून काय काय जातं ते मला शिकवू नकोस."

"तुला कोण शिकवणार? जंगल खात्यात असताना लाकडांच्या खालून काय काय न्यायचास, ते गावाला ठाऊक आहे."

मिलेताचा चेहरा लाल झाला. यास्नाने हे वाक्य साहेबांना सांगितलेच नाही. ती शहाणी मुलगी होती. पण खोलीतली हवा तापली आहे, हे साहेबांना कळले. वातावरण जरा निवळावे म्हणून त्या भल्या माणसाने काय करावे? रिकामा पेला उचलला, हायरियाकडे बघून हसले आणि आणखी एक कॉफी मागितली.

यास्नाने कपाळाला हात लावला.

"ऐकलंत?" मिलेता म्हणाला. "साहेबच म्हणतायत, निघा." आणि त्याने टोपीकडे हात नेला.

"त्यांना माहीत नाही हो!" यास्ना कळवळून म्हणाली. "त्यांच्याकडे दिवसभर कॉफी पितात. त्यांना फक्त कॉफी हवीय!"

"त्यांना माहीत नसेल, मला आहे. तिसरी आली की मी या घरात थांबणार नाही. आईनं एवढं वळण लावलंय मला."

"बरंच झालं," नेद्झाद म्हणाला. त्याचेही डोके फिरले होते. "आण ताई तिसरी. कडक आण."

हायरिया मला घेऊन स्वयंपाकघरात आली. तिने मला चुलीच्या कडेवर ठेवले, पण पाणी ओतले नाही. पाहुण्याने तोंडाने मागितलेली कॉफी नाही कशी म्हणायची? आणि दिली, की मिलेता उठला, ट्रक परत फिरले आणि पडद्यामागे बाकावर निजलेली सेनादा हातची गेली. मित्रांनो, त्या क्षणी मी गळके भांडे असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. पण तांबटाने मला पक्के घडवले होते.

मग हायरियाने माझ्यातला गाळ मोरीत ओतला, मला स्वच्छ धुतले, पेले धुतले आणि तबकावरचा रुमालही बदलला. नंतर ती रिकाम्या हातांनी बाहेर गेली, सगळ्यांच्या मधून चालत घराच्या दारापर्यंत पोहोचली आणि तिने दार सताड उघडले. थंडी आत घुसली.

"या, या!" ती मोठ्याने म्हणाली. "पुलावरून आलात? केवढा गारठा आहे! बसा, चुलीकडे सरका."

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"ताई, बरी आहेस ना?" नेद्झाद म्हणाला.

"तू गप बस. तू घरचा आहेस. पाहुणे आत्ताच आलेत." मग ती मिलेताकडे वळली. "पेले थंड झाले, कोणी कोणाला विचारलं नाही, त्याला माझ्या घरात कॉफी झाली असं म्हणत नाहीत. अजून पहिलीसुद्धा झालेली नाही. ती आता आणतेय. प्यायची नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांग."

आता मिलेताची पंचाईत झाली. दारात 'या' म्हटल्यावर पहिली कॉफी न पिता निघून जाणे, हे आमच्याकडे शत्रूही करत नाही. त्याने टोपीवरचा हात काढून घेतला.

"आण शेजारीणबाई," तो पुटपुटला. "फेस जरा जास्त असू दे."

तोपर्यंत यास्नाने साहेबांच्या कानात भराभर काहीतरी सांगितले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि चक्क मांडीखाली घेऊन बसले.

पुन्हा माझ्या गळ्याशी फेस चढला. पुन्हा मी तबकात बसून बाहेर आले. आणि या वेळी सगळे रीतसर झाले.

"आई कशी आहे रे मिलेता?" हायरियाने पेला पुढे करत विचारले.

"बरी आहे."

"बरी म्हणजे कशी? रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात का तिला?"

मिलेता पेल्यात बघत राहिला. "कुठून मिळणार? रस्ता बंद आहे."

"कोणी बंद केल—" नेद्झादने तोंड उघडले.

"तू पी. गरम आहे तोवर पी," हायरियाने त्याच्या तोंडाशी पेला नेला. नेद्झादची जीभ भाजली आणि तो गप्प झाला.

"खाटेवरून उठवत नाही तिला," मिलेता सावकाश म्हणाला. "उठली की चक्कर येते. आमच्या बाजूलाही काही पोहोचत नाही. सगळं खाली शहरातच संपतं." एवढे बोलून तो थांबला. आता रीतीप्रमाणे विचारायची पाळी त्याची होती. "सेनादा कुठाय? दिसली नाही."

"पडद्यामागे आहे. औषध उद्यापुरतं आहे." हायरियाने मान हलवली. "नाही, घरात बसून खोटं कशाला बोलू? कालच संपलं. आज सकाळी सुई उकळली ती नुसती सवयीनं."

पडद्यामागून बारीक आवाज आला, "मिलेताकाका, फेस मिळाला का?"

"मिळाला गं," मिलेता म्हणाला, आणि त्याने मिशी पुसली. बराच वेळ पुसत राहिला.

हाल्मेसाहेब यास्नाकडून शब्दन् शब्द ऐकत होते. त्यांनी नकाशाला हात लावला नाही. फक्त विचारले, "तुमच्या आई कोणत्या गोळ्या घेतात?" मिलेताने नाव सांगितले. साहेब म्हणाले, "मग मदत या गावासाठी, असं आपण म्हणायलाच नको. नदीच्या दोन्ही काठांसाठी, असं म्हणू. एक ट्रक तुमच्या बाजूला थांबेल, दवाखान्याच्या सामानासकट."

मिलेताने पहिल्यांदा साहेबांकडे नीट पाहिले. "दोन्ही काठ म्हटलं तर मला माझ्या माणसांना सांगता येईल," तो म्हणाला. "नाहीतर ते म्हणतात, आम्ही थंडीत उभे आणि खाणारे पलीकडे."

मग 'बसा'ची कॉफी आली आणि पोत्यांचा विषय निघाला.

"फाडत नाही," मिलेता म्हणाला. "सळई खुपसून बघू."

"सळई बारीक हवी."

"बारीकच आहे."

"माझ्यासमोर खुपसायची."

"तू स्वतः खुपस, मग तरी झोप लागेल तुला."

नेद्झाद हसला. तीच दोघांची दिलजमाई. सह्या झाल्या, आणि हाल्मेसाहेबांनी रिकामा पेला हायरियापुढे धरला. या वेळी समजून-उमजून. "आता तिसरी," ते म्हणाले, आणि मिलेतासकट सगळे खो-खो हसत उठले. त्या घरात इतक्या मोठ्याने कोणी हसलेले मी युद्ध सुरू झाल्यापासून ऐकले नव्हते.

ट्रक हलायला वेळ लागणार होता. यास्ना थांबली नाही. औषधाची थंड पेटी उराशी धरून ती पूल पायी चालत आली. माझ्यात पुन्हा सुई उकळली. हायरियाने सिरिंज भरली, खिडकीच्या उजेडात धरली आणि या वेळी एक थेंबही परत ढकलला नाही. दुसऱ्या दिवशी सेनादाने डोळे नीट उघडले आणि भूक लागली म्हणाली. मला जे वाटले ते शब्दांत सांगता येत नाही, मित्रांनो. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसेच काहीसे. भांड्यालाही छाती असते.

वेढा काही त्या दिवशी उठला नाही. ट्रक येत, मध्येच अडत, हाल्मेसाहेब पुन्हा येत, पुन्हा पहिल्या कॉफीपासून सुरुवात होई. पण येत राहिले. आणि मग एका वसंतात तोफा डोंगरावरून उतरल्या आणि पूल मोकळा झाला.

शांतता आली आणि माझे दिवस मात्र फिरले. मदतीच्या खोक्यांतून पाण्यात ढवळायची कॉफी आली होती. "आई, हे किती सोपं आहे," सेनादा म्हणायची. मला फळीवर ठेवले आणि माझ्यात शर्टाची सुटी बटणे टाकली. बाहेरून मला हिरवा कळंक चढला. ज्या घराला मी एवढ्या अडचणीत साथ दिली, त्या घरात मी बटणांची डबी झाले! रडू आले, पण बटणे भिजतील म्हणून रडले नाही.

एका दुपारी सेनादा घरात एकटी होती. दारात काठी टेकत एक म्हातारी आली. पुलापलीकडून चालत आली होती, धाप लागली होती. मिलेताची आई, स्तानोय्का आजी. सेनादाने घाईने तिला बसवले आणि खोक्यातली कॉफी ढवळायला घेतली.

"ती भुकटी नको मला," म्हातारी म्हणाली. "एवढा पूल काय त्यासाठी ओलांडला? ती फळीवर आहे ना, ती काढ."

बटणे सिनियावर ओतली गेली. आजीने स्वतः मीठ आणि व्हिनेगर मागून घेतले आणि मला मांडीवर घेऊन घासायला लागली. घासता घासता सेनादाकडे निरखून बघत होती.

"तू का ती?"

"मीच, आजी."

"जाड झालीस."

"झाले खरी."

"छान झालं." म्हातारीने मला उजेडात फिरवून पाहिले. "तुझ्या निमित्तानं मला गोळ्या मिळाल्या. ते सांगायला आले."

"असं कसं? तुमच्या निमित्तानं मला औषध मिळालं. तुमची चौकशी आधी झाली होती."

"तुझा ट्रक आधी आला होता."

"पण नाव तुमचं आधी निघालं."

दोघींचा हा वाद संध्याकाळपर्यंत चालला. मध्ये हायरिया आली, तीही वादात पडली. मी चुलीवर चढले, उतरले, पुन्हा चढले. त्या दिवसापासून मला कोणी फळीवर ठेवलेले नाही. सेनादा दर वर्षी मला घेऊन तांबटाकडे जाते आणि आतून नवी कल्हई करून आणते.

तुम्हालाही माझे एवढेच सांगणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या जुन्या भांड्यांना अडगळीत टाकू नका, त्यांना घासा, पुसा, वेळच्या वेळी कल्हई करा. आणि पुढे तुमच्यातले कोणी मोठे झाले, मोठ्या बैठकांत जाऊन बसू लागले, तर नकाशा उलगडायच्या आधी समोरच्या माणसाला विचारा, आई कशी आहे? तो 'बरी आहे' म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका, पुन्हा विचारा.

सेनादा आज सकाळी सुई टोचून घेऊन कामावर गेली आहे. संध्याकाळी ती घरी येईल.